थोडक्या शिदोरीची सेवा



ज्या शिक्षिकाबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे विद्यार्थी आज इथे मोठ्या संख्येने बसले आहेत. बाईंचे नाव माझ्यामागे फलकावर आहेच. मिशनच्या शाळेत त्यांनी उभे आयुष्य शिकवले आणि निवृत्तीनंतर ज्या गावांना शिक्षक मिळत नव्हता अशी गावे शोधून तिथे जाऊन राहिल्या. त्यांच्याविषयी माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त सांगाल. मला त्यांच्या आयुष्यातून एक प्रश्न मिळाला आणि तोच घेऊन मी उभी आहे. सेवेसाठी घर सोडून गेलेल्या माणसाला थोडक्यात राहूनही समाधान कसे मिळते? आणि घरी परतल्यावर ते का हरवते?

हा प्रश्न आज घराघरातला आहे. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत आपल्या मंडळ्यांतील तरुण मुलेमुली सेवेसाठी जातात. कोणी नंदुरबारला, कोणी डांगात, कोणी पालघरच्या पाड्यांवर. आठ-पंधरा दिवस राहतात, शिबिरात राबतात, मुलांना गाणी शिकवतात, एखाद्या शाळेला रंग देतात. परत आल्यावर उपासनेत साक्ष सांगतात आणि जवळजवळ प्रत्येकाच्या साक्षीत एक वाक्य येते: तिथे काहीच नव्हते, तरी किती समाधान होते! ऐकणाऱ्यांचेही डोळे ओले होतात. मग महिना जातो, दोन महिने जातात. तीच मुले पुन्हा त्याच घाईत, त्याच खरेदीत, त्याच तक्रारीत दिसतात. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना जे मिळाले ते खरेच होते. पण ते कशातून मिळाले हे त्यांना कोणी नीट सांगितले नाही. सामान कमी होते म्हणून समाधान मिळाले, असा त्यांचा समज झाला. मला आज एवढेच सांगायचे आहे, की समाधान सामान कमी केल्याने येत नाही. ते माणसांच्या जवळ गेल्याने येते. सामान कमी करायचे ते मधली वाट मोकळी व्हावी म्हणून.

हे तीन माणसांच्या आयुष्यांवरून आणि एका इशाऱ्यासह मांडते. पण त्याआधी मूळ आज्ञेकडे वळू.

लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय तुम्हाला ठाऊक आहे. प्रभू येशू सत्तर जणांना दोघे दोघे करून गावोगाव पाठवतो. पैशाची पिशवी घेऊ नका म्हणतो, झोळी नको, वहाणाही नकोत. आपण बहुधा इथेच थांबतो आणि म्हणतो, पाहा, साधेपणाची शिकवण! पण पुढे वाचा. तो म्हणतो, ज्या घरात शिराल त्याच घरात राहा, घर बदलत फिरू नका, तुमच्यापुढे वाढतील ते खा. आता सांगा, पिशवी आणि झोळी का नको? पैसा अपवित्र आहे म्हणून? तसे तिथे कुठेही म्हटलेले नाही. ज्याच्या झोळीत शिदोरी आहे त्याला यजमानाच्या चुलीशी बसावे लागत नाही, म्हणून. ज्याच्याकडे पैसे आहेत तो गावात पाहुणा म्हणून राहत नाही, गिऱ्हाईक म्हणून राहतो. प्रभूने आपल्या माणसांना रिकाम्या हातांनी पाठवले, कारण द्यायला जाणाऱ्याला आधी घेता आले पाहिजे. त्याच उताऱ्यात आणखी एक गोष्ट आहे, कामकरी मजुरीला पात्र आहे ही. ती लक्षात ठेवा. शेवटी मला तिच्याकडे यायचे आहे.

पहिले माणूस नगरचेच म्हणता येईल. रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यात जन्म, 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा, आणि पुढची बरीच वर्षे याच नगरच्या परिसरात अमेरिकन मराठी मिशनचे काम. कवी म्हणून, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. हाती आलेला पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. समोर गरजू दिसला की तो त्याचा झाला. पण मला त्यांच्या औदार्याविषयी बोलायचे नाही. मला 1917 सालाविषयी बोलायचे आहे.

त्या वर्षी टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली. वयाची पंचावन्न वर्षे उलटलेली, नाव झालेले, पगार ठरलेला. हे सगळे सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून एकत्र बसता येईल अशी जागा त्यांना हवी होती. त्यासाठी पगार का सोडावा लागला? मिशन कंपाउंडची रचना डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कळेल. एका बाजूला परदेशी मिशनऱ्याचा प्रशस्त बंगला, दुसऱ्या बाजूला देशी कामगारांच्या खोल्या. बंगल्यातली माणसे प्रेमळ नव्हती असे मी म्हणत नाही. त्यांतल्या कित्येकांनी आपली मुले इथल्या मातीत पुरली. सिंथिया फॅरार बाई 1827 साली भारतात आल्या, नगरमध्ये मुलींना शिकवत राहिल्या आणि 1862 साली इथेच वारल्या. त्यांच्या त्यागाला मी हात जोडते. पण बंगला आणि खोली यांच्यामधले अंगण ओलांडणे दोघांनाही कठीण जाई. देशी ख्रिस्ती माणसाकडे आपले लोक पगारी नोकर म्हणून पाहत. त्याने ख्रिस्ताचे नाव घेतले की ऐकणारा मनात म्हणे, याला त्याचेच पैसे मिळतात. टिळकांना ही भिंत पाडायची होती. संन्यासी काही मागत नाही, कोणाचा नोकर नसतो, आणि मराठी माणूस त्याच्या शेजारी बिनदिक्कत बसतो. ज्या राहणीने आपल्या माणसांशी बोलणे सोपे होईल ती राहणी टिळकांनी धरली. त्यांना पुढे दोन वर्षेही मिळाली नाहीत. 9 मे 1919 रोजी ते गेले. पण त्यांचा साधेपणा कोणत्या दिशेला तोंड करून उभा होता, ते स्पष्ट आहे. तो लोकांकडे तोंड करून होता.

आता दुसरा मुद्दा. वाट मोकळी झाली, पण त्या वाटेने जाऊन करायचे काय? नुसते कमी राहणे पुरते का? इथे मी पंडिता रमाबाईंना बोलावते.

रमाबाईंना दारिद्र्य ऐकून माहीत नव्हते. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आई, वडील आणि मोठी बहीण गमावली. भावाबरोबर त्यांनी देशभर पायी वणवण केली. पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले, इंग्लंड आणि अमेरिका पाहून झाली, 1889 साली मुंबईत शारदा सदन उघडले. इतके झाल्यावर माणूस काय म्हणेल? म्हणेल, भोगले तेवढे पुरे, आता जरा सुखाने राहू. रमाबाईंनी काय केले? 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुली आणि विधवा शोधून घेऊन आल्या. पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावात मुक्ती सदन उभे राहिले. आधी तंबू, मग इमारती. 1900 च्या गुजरात दुष्काळानंतर तिथली वस्ती जवळजवळ दोन हजारांवर गेली.

केडगावची रमाबाई आपण छायाचित्रांत पाहतो. पांढरे सुती लुगडे, आखूड केस, अंगावर दागिना नाही. त्या छायाचित्रावरून कोणी त्यांना विरक्त म्हणेल. मला त्या विरक्त वाटत नाहीत. मला त्या अत्यंत कामात असलेल्या बाई वाटतात! मुक्ती सदनात काय नव्हते? शेती होती, विहिरी होत्या, गाईगुरे होती, तेलाचा घाणा होता, विणकाम होते, अंध मुलींसाठी ब्रेलचे शिक्षण होते. आणि छापखाना होता. या छापखान्यापाशी जरा थांबू. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले, ते मुक्तीच्या छापखान्यात छापले गेले, आणि खिळे जुळवणाऱ्या होत्या तिथल्याच मुली. शिशाचा एकेक खिळा उचलायचा, उलट्या अक्षरांत ओळ लावायची, काना-मात्रा-वेलांटीसाठी वेगळा खाना शोधायचा, ओळ घट्ट बसवायची. बोटे काळी होतात, पाठ भरून येते, एक वेलांटी चुकली तर ओळ पुन्हा सोडायची. दुष्काळात जिला कोणी विचारत नव्हते अशी मुलगी देवाचे वचन ओळीने लावत बसली आहे. तिच्या अंगावर दोन लुगडी असतील. ती त्या दिवशी समाधानी असेल की नाही? मला वाटते असेल, आणि त्याचे कारण लुगड्यांची संख्या नाही. आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत, आपल्या हाताखालून काही नीट घडते आहे, हे तिला ठाऊक होते.

रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली गेली. दुसऱ्या वर्षी, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाई गेल्या. लेकीच्या मृत्यूनंतरही त्यांनी भाषांतराचे काम सोडले नाही. समाधानाचा अर्थ दुःख नसणे असा असता, तर रमाबाईंना समाधानी म्हणता आले नसते. पण दुःख छातीवर घेऊनही हातातले काम गोड वाटते, हा अनुभव सेवा करणाऱ्या कितीतरी माणसांनी घेतला आहे. हा दुसरा मुद्दा: साधी राहणी जागा रिकामी करते. ती जागा मनापासूनच्या कामाने भरली नाही, तर साधेपणा नुसता कोरडा राहतो.

तिसरे माणूस आहे टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक. आणि इथे मला आपल्या सर्वांना, विशेषतः पुरुषांना, एक प्रश्न विचारायचा आहे. टिळकांनी पगार सोडला तेव्हा घरातल्या पीठमिठाचा हिशेब कोणी सांभाळला? दारी आलेल्या प्रत्येकाला घरात घेतले, तेव्हा चूल कोणी पेटवली? कवी बालकवी ठोंबरे तरुणपणी टिळकांच्या घरी राहिले, गरीब विद्यार्थी राहिले, अनाथ मुले वाढली. या सगळ्यांची ताटे कोणी मांडली? 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना हसू येते, पण त्या हसण्यामागे एका बाईची किती ओढाताण होती, हे विसरू नका. एकाचा त्याग दुसऱ्याच्या डोक्यावर ओझे होऊ नये, हे सेवेला निघणाऱ्या प्रत्येकाने आधी तपासले पाहिजे.

पण लक्ष्मीबाई केवळ सोसणाऱ्या नव्हत्या. नवऱ्याने धर्म बदलल्यावर त्या काही वर्षे दूर राहिल्या. मग त्याच्याजवळ आल्या, तरी सोवळे सोडले नाही. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. कोणी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. त्यांनीच विचार केला. देवाने माणसे निर्माण केली, मग ही शिवाशीव कोणी निर्माण केली? आणि एकदा मनाने घेतले तेव्हा त्यांनी कोणाच्याही हातचे खायला सुरुवात केली. त्यांचा बाप्तिस्मा 1900 सालचा. नंतर त्याच लक्ष्मीबाई प्लेगच्या छावणीत रोग्यांची शुश्रूषा करताना दिसतात. ज्यांचा स्पर्श कालपर्यंत चालत नव्हता, त्यांच्या अंगाला आज हात लावत आहेत!

मित्रहो, लक्ष्मीबाईंनी उतरवलेले हे ओझे टिळकांनी सोडलेल्या पगारापेक्षा जड होते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. पैसा सोडणे दिसते, लोक त्याचे कौतुक करतात. मी वरची आणि तू खालचा, मी शुद्ध आणि तू अशुद्ध, मी शिकवणारा आणि तू शिकणारा, हे सोडणे दिसत नाही. पण ते सोडल्याशिवाय दोन जोडी कपड्यांत राहूनही माणूस बंगल्यातच राहतो. आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांतही जुन्या जातींच्या खुणा पुऱ्या पुसलेल्या नाहीत, हे आपण सारे जाणतो. म्हणून तिसरा मुद्दा हा: खरे जड सामान मनात असते.

आता इशारा. तो देण्यासाठी मी तुम्हाला सातपुड्यात, अक्राणी भागातल्या एका पाड्यावर नेते. दवाखान्याच्या शिबिरासाठी आमच्या मंडळीतील काही तरुणांबरोबर मी तिथे राहिले होते. आम्हा बायकांची सोय एका घरात होती. पहिल्या रात्री आमच्यातल्या एका मुलीने बॅगेतली बिस्किटे आणि खाकरे काढले. पोट बिघडू नये ही तिची काळजी होती. घरची बाई दारात उभी राहून पाहत होती, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने डबा बाजूला ठेवला आणि चुलीपाशी जाऊन बसली. मक्याच्या पिठाची भाकर थापायला घेतली तर ती हातातच फाटली. त्या बाईने तिचे मनगट धरले, तळवा किती ओला ठेवायचा, पीठ किती मळायचे, बोटे कुठे ठेवायची ते दाखवले. ती भाकर, उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा आम्ही एकत्र बसून खाल्ला. त्यानंतर ती बाई आमच्याशी घरातल्यासारखी बोलू लागली. धाकट्या मुलाचा ताप, नवऱ्याचे गुजरातला मजुरीला जाणे, सगळे. डॉक्टरांपुढे जे निघाले नव्हते ते चुलीपुढे निघाले. वाढतील ते खा, या आज्ञेचा अर्थ मला तिथे जितका कळला तितका कोणत्याही प्रवचनात कळला नव्हता.

पण हेही ऐका. आमच्या आंघोळीचे पाणी रोज सकाळी भरलेले असे. ते कुठून येई? ती बाई उजाडण्याआधी खालच्या झऱ्यावर जाई आणि डोक्यावर हंडा घेऊन चढण चढून येई. आमच्या वाट्याचे पाणीही तिच्याच डोक्यावरून येत होते. हे लक्षात आल्यावर मुली तिच्याबरोबर झऱ्यावर जाऊ लागल्या, आणि आंघोळ एका तांब्यात आटोपू लागल्या. आम्हाला ज्यात साधेपणाचे समाधान मिळत होते, ते तिच्यासाठी काय होते? कष्ट होते. आम्ही काही दिवसांनी बसमध्ये बसणार होतो. तिला त्या चढणीवरून सुटका नव्हती. म्हणून इथून परत जाताना कोणी कृपा करून असे म्हणू नये, की त्यांच्याकडे काही नाही आणि तरी ते किती सुखी आहेत! निवडलेला साधेपणा आणि लादलेले दारिद्र्य यांत मोठे अंतर आहे. निवडलेला साधेपणा माणसाला मोकळे करतो, लादलेले दारिद्र्य माणसाला झिजवते. आपल्या साधेपणाचा उपयोग त्यांचे दारिद्र्य हटवायला झाला नाही, तर तो साधेपणा केवळ आपली हौस ठरेल.

आता शेवटची गोष्ट. हे समाधान टिकवायचे कसे? यासाठी मी महाराष्ट्राबाहेर, तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरांत जाते. एव्हलिन ब्रँड ही सुखवस्तू घरातली इंग्रज बाई. नवरा जेसी ब्रँड याच्याबरोबर ती त्या डोंगरांत राहिली. 1929 साली नवरा तापाने गेला. मुलगा पॉल ब्रँड पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करणारा जगप्रसिद्ध शल्यविशारद झाला. आईला मिशनने वयोमानाप्रमाणे निवृत्त केले. ती काय करते? पुन्हा डोंगरात जाते. पडून हाड मोडले, मग हातात दोन बांबूच्या काठ्या आल्या, चालवेना तेव्हा तट्टावर बसून एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर फिरली. मुलाने लिहून ठेवले आहे, की अखेरच्या वीस वर्षांत आईने घरात आरसा ठेवला नाही. 1974 साली, पंचाण्णव वर्षांची होऊन, ती गेली आणि डोंगरात नवऱ्याशेजारीच तिला पुरले.

आरसा न ठेवणारी ती म्हातारी माझ्या मनातून जात नाही. अंगावर सुरकुत्या, मोडलेले शरीर, आणि ते पाहायला तिला सवडच नव्हती. तिच्यासमोर सतत माणसांचे चेहरे होते. हे समाधान तिला एका सहलीत मिळाले का? प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना बंदिवासातून पत्र लिहिले, त्यात तो आपण संतुष्ट राहायला शिकलो असे सांगतो. शिकलो म्हणतो! म्हणजे हा स्वभाव नव्हे, हे शिक्षण आहे. शिक्षणाला रोजचा सराव लागतो, तो घरीही करावा लागतो. पंधरा दिवसांत अक्षरओळख होते, विद्या पदरात पडत नाही.

तेव्हा थोडक्यात सांगते. सामान कमी करा, पण माणसांजवळ जाण्यासाठी. मोकळी झालेली जागा कामाने भरा. मनातले थोरपण उतरवा, आणि तुमच्या त्यागाचे ओझे घरच्या बाईवर किंवा यजमानावर पडू देऊ नका. गरिबीला गोड म्हणू नका. आणि परत आल्यावर सराव चालू ठेवा.

आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. कामकरी मजुरीला पात्र आहे. आपली मुले ज्या पाड्यांवर सेवेला जातात तिथे बारा महिने काम करणारे शिक्षक, परिचारिका, सुवार्तिक आपलेच लोक आहेत. आपण पंधरा दिवसांनी परततो, ते तिथेच राहतात. त्यांच्या मानधनाची परिस्थिती काय आहे, हे तुमच्या मंडळीच्या खजिनदारांना विचारा. साधी राहणी त्यांच्यावर लादून आपण मोकळे होता कामा नये. या हंगामात सेवेला जाणाऱ्या प्रत्येक गटाने एक करावे: पुढच्या वर्षभर स्वतःच्या खर्चातून काही कमी करावे आणि ती रक्कम त्या पाड्यावरच्या कामकऱ्याच्या वेतनात दरमहा घालावी. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो त्या शिक्षिकाबाई निवृत्तिवेतनातला मोठा हिस्सा याच कामाला देत असत, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. त्यांचे स्मारक करायचे असेल तर या सभागृहातून बाहेर पडण्याआधी आपापल्या मंडळीच्या खजिनदारांना गाठा आणि दरमहाचा आकडा ठरवून जा.